१२० च्या निगेटिव्ह घरी स्कॅन केल्या की चेहरे राखेसारखे का दिसतात?

साचेखाता | १४ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत एक जुना याशिका मॅट १२४ जी मिळाला, चांगल्या अवस्थेतला. बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. गिरणी बंद पडल्यावर पॉवरलूमवर गेले, आता घरीच असतात. सोलापुरात आमच्या गल्लीत अशी बरीच माणसं आहेत, आणि जवळपास प्रत्येक घरात एक तरी बाई विड्या वळणारी. या सगळ्यांचे ज्याच्या त्याच्या दारात बसवून कृष्णधवल फोटो काढायचे असं मनात घेतलंय. एक माणूस, एक उंबरा. अकरा जणांचे झालेत.

रोल दोन, दोन्ही १२० चे (३५ मिमीहून रुंद फिल्म), एचपी ५ प्लस. एक फेब्रुवारीत काढला आणि धुतला, दुसरा गेल्या आठवड्यात. दोन्ही घरीच धुतले. आयडी-११ डेव्हलपर, एकास एक पाणी, १३ मिनिटं, अगदी घड्याळ लावून. मग फिल्म होल्डर असलेल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन केले.

अडचण अशी की दोन्ही रोलमधले चेहरे मेलेले दिसतात. राख फासल्यासारखे. बाबांचा रंग काळा-सावळा, त्यावर ऊन पडलं की तांब्यासारखी चकाकी येते. तिचा मागमूस नाही. ग्रेनही (दाणे) एवढा की ३५ मिमी वाटावं. यूट्यूबवर पाहून कॉन्ट्रास्ट वाढवला, तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या आणि शर्ट पांढराफेक.

स्कॅनर बदलू का? की चूक दुसरीकडेच आहे?

---

कडक भाकरी | १४ मे, रात्री १०.५२

आधी मनापासून सांगतो, कल्पना फार आवडली. एक माणूस, एक उंबरा. लई भारी. आमची आज्जी अशोक चौकात विड्या वळायची. सूप मांडीवर, मान खाली, बोटं चालू आणि तोंडही चालू, तेलुगूत. तिचा असा एकही फोटो नाही आमच्याकडं.

स्कॅनरचं मला कळत नाही. वाचतोय.

---

दख्खन पठार | १४ मे, रात्री ११.१५

स्कॅनर बदलायची घाई करू नका. आधी सांगा, सॉफ्टवेअर ऑटोवर होतं का? ऑटोवर असेल तर ते प्रत्येक फ्रेमला आपल्या मनाने काळा आणि पांढरा बिंदू लावतं. निगेटिव्ह कशीही असो, सगळं एकाच राखाडी वळणावर आणून ठेवतं.

---

पार्क चौक | १५ मे, सकाळी ७.३०

डिजिटल आइस चालू करून बघा. धूळ, ओरखडे सगळं जातं. मी माझ्या जुन्या रंगीत निगेटिव्हना वापरतो, जादू आहे.

---

दख्खन पठार | १५ मे, सकाळी ८.०५

@पार्क चौक, रंगीतला जादू खरी, पण इथं उपयोगी नाही. आइस इन्फ्रारेड किरणांवर चालतं. रंगीत फिल्ममधल्या रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातं, धुळीवर अडतं. त्या फरकावरून स्कॅनरला धूळ कळते. कृष्णधवल फिल्मवर चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. मग यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजतं आणि पुसायला निघतं. साचेखाता, तुमच्याकडं चालू असेल तर आधी बंद करा. याला अपवाद एक्सपी २ सारखी फिल्म. ती सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत फिल्मच्या रसायनांत, धुतात, तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, म्हणून तिथं आइस चालतं.

---

तांबडा दिवा | १५ मे, दुपारी १.२०

स्टुडिओत बत्तीस वर्षं काढली मी, त्यातली वीस डार्करूममध्ये. साचेखाता, तुम्ही स्कॅन दाखवायलाव. स्कॅन म्हणजे साक्षीदाराच्या भावानं सांगितलेली हकीकत. मला निगेटिव्ह दाखवा. सकाळी खिडकीला पांढरा कागद लावा, त्यावर निगेटिव्ह धरा आणि मोबाइलनं फोटो काढा. दोन्ही रोलचा काढा. कडा कापू नका, कडेवरचे आकडे आणि अक्षरं दिसली पाहिजेत.

---

साचेखाता | १५ मे, रात्री ९.१०

काका, टाकले दोन्ही फोटो. ऑटोवरच होतं, @दख्खन पठार, आणि आइसही चालू होतं. बंद केलं. नुसत्या त्यानंच बाबांच्या भुवया परत आल्या!

पण निगेटिव्ह शेजारी ठेवल्यावर मी चक्रावलो. स्कॅनमध्ये दोन्ही रोल सारखे दिसत होते, हातात धरले तर एकमेकांच्या उलट आहेत. फेब्रुवारीचा पातळ, चेहऱ्याच्या जागी जवळजवळ कोरी फिल्म. मे महिन्याचा इतका दाट की पलीकडची खिडकीही धड दिसत नाही.

---

तांबडा दिवा | १५ मे, रात्री १०.००

शाब्बास. आता नीट वाचा.

कडेवरचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच उजेड देऊन छापलेलं असतं. तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे ती अक्षरं किती काळी उमटली हे फक्त धुण्यावर ठरतं. कडेची अक्षरं हा धुलाईचा दाखला आणि चौकटीतलं चित्र हा धुलाई अधिक उजेडाचा दाखला. दोन्ही एकत्र वाचायचे.

फेब्रुवारीचा रोल: अक्षरं स्वच्छ, ठसठशीत काळी. म्हणजे धुलाई बरोबर. तरी चेहरा कोरा, म्हणजे उजेडच कमी पडला. दोन स्टॉप तरी कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). गळ्याखाली, डोळ्यांच्या खोबणीत, मिशीच्या सावलीत फिल्म पारदर्शक आहे. जिथं चांदी पडलीच नाही तिथून स्कॅनर काय आणणार? तो फक्त ग्रेन वाढवून देतो.

मे महिन्याचा रोल: अक्षरं जाड, फुगल्यासारखी. चौकटीबाहेरची कडही थोडी धुरकट. हा रोल जास्त धुतला गेलाय. तेरा मिनिटंच दिली म्हणता, मग पाणी किती गरम होतं?

दोन वेगळी दुखणी आहेत आणि स्कॅनरनं दोघांना एकच राखाडी सदरा घातला. म्हणून म्हणतो, आधी निगेटिव्ह डोळ्यानं वाचायला शिका.

---

साचेखाता | १५ मे, रात्री १०.२५

पाणी मोजलंच नाही काका. फेब्रुवारीत नळाचं घेतलं होतं, गार होतं. आता रात्री टाकीतलं काढून बादलीत ठेवलं आणि खोलीच्या तापमानाला आलं असं धरलं.

---

उजनी | १५ मे, रात्री १०.४०

मे महिन्यात सोलापुरात खोलीचं तापमान! बाहेर ४३ असतं तेव्हा रात्री दहालाही खोलीत ३३-३४ सहज. ते १३ मिनिटं २० अंशांसाठी लिहिलेले आहेत. डेव्हलपिंग ही रासायनिक क्रिया आहे, तापमान चढलं की ती झपाट्यानं वाढते. ढोबळ हिशेब असा की २० च्या वर दर अंशाला साधारण दहा टक्के वेळ कमी करायचा. २४ अंशांवर १३ चे ९ होतात. ३४ वर १३ मिनिटं म्हणजे भात शिजून तळाला लागला.

२० अंशांचा हट्ट आपल्याकडं धरू नका, २४ वर काम करा. पण एक पथ्य पाळा. पाच मिनिटांच्या खाली वेळ येऊ देऊ नका, द्रावण टाकता-ओतताना फिल्मवर पट्टे पडतात. म्हणून मूळ द्रावण न वापरता एकास एकच ठेवा. मूळ द्रावणाचा वेळ २० अंशांवरच साडेसात मिनिटं आहे, २४ वर तो पाचाच्या आसपास येतो.

गार करायचं कसं? माठ. आपली हवा कोरडी म्हणून माठ इथं जेवढं काम करतो तेवढं कोकणात करत नाही. माठातलं पाणी साधारण २५-२६ ला मिळतं. एका टबात ते घ्या, फ्रीजरमधल्या पाण्याच्या बाटल्या गुंडाळून त्यात सोडा आणि डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारा फिक्सर), धुण्याचं पाणी, सगळं त्या टबात एकत्र उभं करा. सगळ्यांचं तापमान जवळपास एकच हवं. डेव्हलपर २४ आणि धुण्याचं पाणी टाकीतलं ३६, असं करू नका.

---

कडक भाकरी | १५ मे, रात्री १०.४८

आमच्याकडं पाणीच चार-पाच दिवसांनी येतं. रोल धुवायला वाहता नळ अर्धा तास सोडायचा म्हटलं तर घरचे आधी मला धुतील.

---

उजनी | १५ मे, रात्री ११.०५

वाहता नळ लागतच नाही. इलफर्डनंच सुचवलेली पद्धत आहे. हायपोनंतर डेव्हलपिंगची छोटी टाकी भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, ओता. परत भरा, दहा वेळा. ओता. परत भरा, वीस वेळा. झालं. तीन टाक्या पाणी. १२० च्या एका रोलला अर्धा लिटरची टाकी धरली तर दीड लिटर. मी सावधगिरी म्हणून चौथ्यांदा भरतो. मात्र हायपोत हार्डनर, म्हणजे फिल्मचा थर कडक करणारं रसायन, नको. हार्डनर असेल तर ही पद्धत पुरत नाही.

शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीवाल्याकडं मिळतं तेच. त्यात वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब, म्हणजे पाणी थेंब न धरता ओघळून जातं. बोअरच्या पाण्यात इतका क्षार आहे की वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे डाग राहतात, आणि स्कॅनमध्ये ते नेमके गालावर उठून दिसतात.

---

निर्मळ काच | १६ मे, सकाळी ६.५५

उशिरा आले, पण फेब्रुवारीच्या रोलबद्दल मला बोलायचंय. तो उजेड कमी का पडला?

साचेखाता, तुम्ही माणूस दारात बसवता. उजेड मोजायचं मीटर कॅमेऱ्यातलंच वापरलंत ना? ते कॅमेऱ्याच्या पुढ्यातलं सगळं एकत्र मोजतं. पांढरा शर्ट, चुन्याची भिंत, अंगणातलं ऊन, सगळ्याची सरासरी काढून मधल्या राखाडीवर आणतं. त्यात सावळा चेहरा बुडतो. आपल्याकडच्या माणसांचे फोटो काढताना ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि तिला अवघड उजेड असं नाव देऊन आपण मोकळे होतो. चेहरा मोजा. चेहऱ्यापासून वीतभरावर मीटर धरा. नाहीतर पांढऱ्या घुमटाचं मीटर चेहऱ्यापाशी कॅमेऱ्याकडं तोंड करून धरा. ते पडणारा उजेड मोजतं, शर्ट पांढरा की काळा याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी. या कॅमेऱ्याचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलंय. तो सेल आता मिळत नाही. लोक १.५ व्होल्टचा अल्कलाइन टाकतात आणि मीटर चुकतं. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल बसतो, औषधाच्या दुकानात मिळतो. आकारानं लहान असतो, भोवती तांब्याच्या तारेचं किंवा रबराचं कडं घालावं लागतं. काही महिन्यांत संपतो, पण खरं सांगतो.

आणि तिसरी, एचपी ५ ला आयएसओ ४०० ऐवजी २०० वर लावा आणि धुण्याचा वेळ पाचव्या हिश्शानं कमी करा. सावल्यांना उजेड मिळतो आणि पांढरा शर्ट हाताबाहेर जात नाही. आपल्या उन्हाला हे फार मानवतं.

---

तांबडा दिवा | १६ मे, सकाळी ९.३०

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. आमचे उस्ताद म्हणायचे, सावलीसाठी उजेड द्या आणि उजेडासाठी धुवा.

---

सिद्धेश्वर तळं | १६ मे, दुपारी १२.१०

धाग्याशी थोडं सुटून. लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत फोटोवाले बसायचे. मागं रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं नाहीतर महाल. पुठ्ठ्याच्या मोटारीत बसवायचे. आमच्या घरी माझ्या आत्याचा तसा एक फोटो आहे. कपाळावरचं कुंकू एकदम काळंकुट्ट. मला वाटायचं आत्या काळी टिकली लावायची. ती म्हणते, छे, लालभडक कुंकू होतं. असं कसं?

---

निर्मळ काच | १६ मे, दुपारी १.००

माझ्या फार आवडीचा प्रश्न! ती फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असणार. तिला लाल रंग दिसतच नाही, म्हणून लाल ते सगळं काळं. ओठ काळे, कुंकू काळं, चेहऱ्यावरचा लालसर डागही काळा. आजच्या फिल्म, एचपी ५ धरून, पॅनक्रोमॅटिक आहेत. त्यांना लालही दिसतो आणि कुंकू मध्यम राखाडी येतं.

साचेखाता, तुमच्या कामात याचा थेट उपयोग आहे. आज्जीबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असतं. ते फोटोत उठून दिसायला हवं असेल तर हिरवट-पिवळा फिल्टर लावा, कुंकू आणि ओठ गडद होतात. एक स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. नारिंगी किंवा लाल फिल्टर मात्र चुकूनही लावू नका. लाल फिल्टरनं कुंकू चेहऱ्याच्या रंगात विरून जातं. मी एकदा एका आजींचा फोटो नारिंगीतून काढला आणि प्रिंट घेऊन गेले. त्या बघतच राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "बाई, माझं कुंकू कुठं गेलं?" मला आजही ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं. पुन्हा गेले, पुन्हा काढला.

इरकलीचंही असंच आहे. लाल पदर आणि हिरवं अंग डोळ्याला किती वेगळं दिसतं! फिल्मवर दोन्ही एकाच राखाडीत बसू शकतात. फिल्टर निवडताना साडी पण बघा.

याशिकाला बे-वन मापाचे फिल्टर बसतात.

---

सिद्धेश्वर तळं | १६ मे, दुपारी १.१५

आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मी सांगत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही.

---

पार्क चौक | १६ मे, दुपारी ४.४०

ऑर्थोला लाल दिसत नाही म्हणूनच डार्करूममध्ये तांबडा दिवा असतो ना? म्हणजे घरी झिरोचा लाल बल्ब लावून एचपी ५ पण धुता येईल.

---

तांबडा दिवा | १६ मे, संध्याकाळी ६.००

थांबा, रोल जाईल! मी नाव तांबडा दिवा घेतलंय, म्हणून मीच सांगतो. तो दिवा कागदासाठी आणि जुन्या ऑर्थो फिल्मसाठी. पॅन फिल्मला लाल दिसतो, त्या उजेडात काढली की सगळी काळी. रीळ भरताना काळोख म्हणजे पूर्ण काळोख. अंधारखोली नसेल तर चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायची उजेडबंद पिशवी. तीही उन्हाळ्यात रात्रीच वापरा. दुपारी आत हाताला घाम येतो, फिल्म चिकटते आणि रिळात शिरत नाही.

---

दख्खन पठार | १७ मे, सकाळी ८.००

आता स्कॅनिंगचं बोलतो, मूळ प्रश्न तोच होता.

ऑटो बंद. शार्पनिंग बंद. १६ बिट ग्रेस्केल. हिस्टोग्राममध्ये (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) काळ्या-पांढऱ्याच्या खुंट्या डोंगराच्या पायथ्याच्याही थोड्या बाहेर ठेवा. स्कॅन फिका, सपाट दिसेल. दिसू दे. त्यात सगळा माल आलेला असतो, वळण मग संगणकावर द्या.

किती डीपीआय? खोक्यावर ६४०० लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. घरगुती फ्लॅटबेड खरा तपशील दीड-दोन हजारांच्या आसपास देतात, महागडे थोडा जास्त. २४०० वर करा, त्याच्या वर फक्त फाइल फुगते. सहा बाय सहाची चौकट प्रत्यक्षात ५६ मिमी असते. २४०० ला ती साधारण ५३०० बाय ५३०० पिक्सेल होते. खरा तपशील १६०० चाच धरला तरी ३५०० पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयनं पावणेबारा इंचांचा चौकोनी प्रिंट. भिंतीवर लावायला पुष्कळ झाला.

दोन गोष्टी जपा. फिल्म होल्डरमध्ये वाकली की मधला भाग फोकसबाहेर जातो. धुतल्यावर दोन-तीन दिवस जाड पुस्तकाखाली स्लीव्हमध्ये ठेवा. आणि काचेवर थेट ठेवू नका, तेलाच्या तवंगासारखी वलयं येतात, न्यूटनची. होल्डरची उंची बदलता येत असेल तर एकच फ्रेम दोन-तीन उंचीवर स्कॅन करून ग्रेन कुठं टोकदार येतो ते बघा.

माझ्याकडं फ्लॅटबेड नाही, मी कॅमेऱ्यानंच करतो. मॅक्रो लेन्स, खाली चांगल्या प्रतीचा एलईडी पॅनल, वर दुधी अ‍ॅक्रिलिक, त्याच्या दोन सेंटीमीटर वर निगेटिव्ह आणि भोवती काळा कागद म्हणजे बाजूचा उजेड लेन्समध्ये जात नाही. कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे का हे बघायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की झालं. एफ ८, सर्वात कमी आयएसओ, दोन सेकंदांचा टायमर. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकोनाला ४००० बाय ४००० मिळतात. जास्त हवं तर चार तुकड्यांत काढून जोडा.

पंखा मात्र बंद. हादरा बसतो आणि धूळही उडते.

---

कडक भाकरी | १७ मे, सकाळी ८.२०

मे महिन्यात पंखा बंद करून बसणाऱ्या माणसाला माझा दंडवत.

---

साचेखाता | १७ मे, रात्री ९.००

धुळीचं काय करू? आमच्या गल्लीत आठ-दहा पॉवरलूम आहेत. दिवसभर कापसाचा तूस उडतो, दारं बंद केली तरी. वाळत घातलेल्या फिल्मवर तोच बसतो. स्कॅनवर एकेका चेहऱ्याला दीड-दोन तास डाग पुसत बसतो.

---

तांबडा दिवा | १७ मे, रात्री ९.३५

न्हाणीघरात वाळवा. आधी कढत पाण्याची बादली ओतून वाफ करा, वाफेबरोबर तूस खाली बसतो. दहा मिनिटांनी फिल्म टांगा, खालच्या टोकाला चिमटा लावा आणि दार लावून घ्या. सकाळपर्यंत कुणी आत जायचं नाही. साचे बंद असतील त्या वारी करा.

निगेटिव्ह बोटानं किंवा धोतराच्या टोकानं पुसायची नाही. रबरी फुंकणी वापरा.

आणि एक मनातलं बोलतो. स्कॅन करा, जरूर करा. पण त्या आधी कॉन्टॅक्ट प्रिंट काढा, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापा. बारा चौकटी एका कागदावर, एकच उजेड, एकच वेळ. कोणती पातळ, कोणती दाट ते लगेच दिसतं. स्कॅनर प्रत्येकीची वेगवेगळी समजूत घालतो. माझ्या मते कागदावर उतरल्याशिवाय फोटो पुरा होत नाही.

---

निर्मळ काच | १७ मे, रात्री १०.१०

काका, इथं माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. कॉन्टॅक्टचं पटतं, ते एका काचेवर आणि बल्बवर होतं. पण एन्लार्जर, कागद, ट्रे, आणि त्यासाठी अंधारी खोली आज किती घरांत निघेल? नीट केलेला स्कॅन हाही फोटोच. ज्या आज्जीचा मुलगा पुण्यात नाहीतर सुरतेत आहे, त्याला त्याच रात्री फाइल जाते. त्याचं मोल मी कमी मानणार नाही.

---

तांबडा दिवा | १७ मे, रात्री १०.२५

ताई, फाइलला विरोध नाही. पण हार्ड डिस्क बंद पडते. निगेटिव्ह नीट ठेवली तर नातवंडं बघतील. माझ्याकडं ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल आहेत धुतलेले, आजही छापता येतात. पीव्हीसीच्या पाकिटात मात्र ठेवू नका. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका. आणि जुन्या निगेटिव्हच्या डब्याला आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. तिथला अ‍ॅसिटेट कुजायला लागलाय. अशा निगेटिव्ह सगळ्यात आधी स्कॅन करा. तिथं मी स्वतः सांगेन, आधी स्कॅन.

---

निर्मळ काच | १७ मे, रात्री १०.३०

मग दोघांचं एकच म्हणणं झालं, काका.

साचेखाता, बसवण्याबद्दलही थोडं. याशिकाची लेन्स ८० मिमी. एक मीटरवर साडेतीनच्या अ‍ॅपर्चरला जेमतेम पाच सेंटीमीटर खोली फोकसमध्ये राहते, म्हणजे डोळा टोकदार आणि कान गेला. एफ ८ ला बाराएक सेंटीमीटर मिळतात. पण एक मीटरवर जायची घाईच नको, नाक मोठं येतं. दीड मीटरवरून कमरेपर्यंत काढा. निगेटिव्ह मोठी आहे, नंतर कापता येतं. आणि हात चौकटीत घ्या. साचेवाल्याचे आणि विडी वळणाऱ्या बाईचे हात सोडून कसं चालेल?

मागं काय लावता? सोलापुरी चादर लावू नका असं माझं मत. तिची नक्षी चेहऱ्याशी भांडते. काळी घोंगडी लावा. लोकर उजेड पिऊन टाकते.

---

गल्ली नंबर सात | १८ मे, सकाळी ७.१०

सोलापुरात चादरीला नको म्हणणारा पहिला प्रतिसाद! पण पटला.

---

साचेखाता | १८ मे, रात्री ८.४५

दाट रोलचं काही होईल का? त्यात विड्या वळणाऱ्या पाच जणी आहेत. त्यातल्या एक आज्जी आता मुलीकडं गावाला गेल्या, परत येतील असं वाटत नाही.

---

तांबडा दिवा | १८ मे, रात्री ९.३०

होईल. दाट निगेटिव्हमध्ये माल आहे, फक्त भिंत जाड आहे. पातळपेक्षा दाट कधीही बरी. रिड्यूसर लावून चांदी उतरवता येते, पण या रोलवर ते शिकू नका. चांदी गेली की गेली.

---

दख्खन पठार | १८ मे, रात्री ९.५०

हा रोल फ्लॅटबेडपेक्षा कॅमेऱ्यानं करा. एलईडीवर ठेवून एकाच फ्रेमचे तीन फोटो, शटर एकेक स्टॉपनं वाढवत. ज्यात चेहऱ्याचा उजळ भाग नीट येतो तो घ्या, सावल्यांसाठी दुसरा, आणि जोडा. उपकरणं नसतील तर आमच्याकडं या. पुढच्या आठवड्यात मी सोलापुरात आहे, होटगी रोडला. येताना निगेटिव्ह कडक पुठ्ठ्यात आणा.

---

साचेखाता | ९ जून, रात्री १०.०५

सगळ्यांना सांगायला आलोय.

दख्खन पठार यांच्याकडं जाऊन दाट रोल केला. तीन तास पंखा बंद. पाचही जणींचे चेहरे आले. गावाला गेलेल्या आज्जींच्या सुपातली तेंदूची पानं मोजता येतात, आणि अंगठ्याच्या नखाला दोरा घासून पडलेली खाच दिसते. ती मला प्रत्यक्षात कधी दिसली नव्हती. प्रिंट त्यांच्या मुलीकडं पाठवला.

बाबांचा फेब्रुवारीचा फोटो मात्र गेलाच. काका म्हणाले तसं, तिथं चांदीच नव्हती. म्हणून बाबांना पुन्हा बसवलं. सेल बदलला, तरी मीटर चेहऱ्यापाशी धरलं. फिल्म २०० वर, एफ ५.६, १/६०. मागं शेजारच्यांची घोंगडी. मान खाली घालून वरून कॅमेऱ्यात बघायला लागलो की बाबा ताठ होत, ओळखपत्राला बसल्यासारखे. मग आईनं त्यांच्या हातात मागावरचा जुना धोटा दिला, माळ्यावरचा. हात आपोआप चालायला लागले आणि खांदे खाली आले.

माठाचं पाणी, बर्फाच्या बाटल्या, २४ अंश, सात मिनिटं वीस सेकंद. धुवायला चार टाक्या पाणी. न्हाणीघर रात्रभर बंद, सकाळी घरच्यांनी शेजारी जाऊन अंघोळी केल्या.

ओली फिल्म खिडकीशी धरली तेव्हाच कळलं. गळ्याच्या सावलीत पुसटशी चांदी होती. कडेची अक्षरं फुगलेली नव्हती. स्कॅन त्यानंतर तीन दिवसांनी केला.

---

तांबडा दिवा | ९ जून, रात्री १०.२०

निगेटिव्हचा फोटो टाका. कडांसकट.

---

साचेखाता | ९ जून, रात्री १०.३१

टाकला, काका.

---

तांबडा दिवा | ९ जून, रात्री १०.४०

ही निगेटिव्ह आमच्या स्टुडिओत आली असती तर उस्तादांनी काहीही न बोलता छापायला घेतली असती.

---

कडक भाकरी | ९ जून, रात्री १०.४४

डोळ्यांत तांब्याची चकाकी आली की ओ! आता विचारतोच. माझी मावशी अजून वळते विड्या, विडी घरकुलला राहते. तिच्या उंबऱ्यावर कधी येणार?

---

साचेखाता | ९ जून, रात्री १०.५०

रविवारी सकाळी साडेसातला येतो, ऊन वर यायच्या आत. मावशींना सांगा, रोजचीच साडी नेसा आणि सूप जवळ ठेवा. हिरवट-पिवळा फिल्टर आणतो. आमच्याकडं पाणीही रविवारीच आहे, रात्री धुऊन टाकतो.